दोन हिरवे धागे

खूप खूप वर्षं लोटली या गोष्टीला. नेमकी किती, ते मला विचारू नका. ते सांगू शकेल असा एकच माणूस त्या राज्यात होता, गोष्टही त्याचीच आहे, आणि गोष्ट संपेपर्यंत त्याचाही पुरता गोंधळ उडणार आहे. तेव्हा लहानांनी पुढे सरकून बसावं, मोठ्यांनी भिंतीला टेकावं, आणि मध्येच काही कळेनासं झालं तर घाबरू नये. गोष्टीतल्या लोकांनाही ते कळत नव्हतं.

डोंगरावर एक किल्ला होता आणि पायथ्याशी एक गाव. किल्ल्याच्या बुरुजावर पाण्याने भरलेलं मोठं गंगाळ असे. त्यात तांब्याची एक पातळ वाटी तरंगत ठेवलेली. वाटीच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी आत शिरे, घटकाभरात वाटी भरून बुडे, की बुरुजावरचा माणूस लाकडी हातोडा उचलून काशाच्या थाळीवर टोल देई. त्या टोलावर गाव उठे, त्यावरच जेवे आणि त्यावरच दुकानं बंद करी.

टोल देणारा हा माणूस चाळीस वर्षं एकच होता. लोक त्यांना तासवाले आजोबा म्हणत. त्यांना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. खालून कुणीही ओरडून विचारावं, ‘दिवस किती वर आला हो?’ आणि आजोबांनी तिथल्या तिथे उत्तर द्यावं. ‘मला माहीत नाही’ हे शब्द चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. दुसऱ्यांचे मुहूर्त बिनचूक सांगता सांगता त्यांचं स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं होतं. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे, निदान बुरुजावर असेपर्यंत तरी.

मग त्यांची नजर मंदावली. वाटी तरंगते आहे की बुडाली, ते दिसेना. राजाने मानाची शाल दिली, नारळ दिला आणि त्यांच्या जागी नवा माणूस नेमला. आजोबा गल्लीच्या टोकाला आपल्या दोन खोल्यांच्या घरात येऊन राहिले.

तिथे एक विचित्रच प्रकार झाला. साऱ्या गावाला वेळ वाटणाऱ्या माणसाला स्वतःची वेळ सापडेना. बुरुजावरचे टोल घरात ऐकू येत, पण नवा माणूस चुकतो असं आजोबांचं ठाम मत होतं, म्हणून ते टोल मोजायचेच नाहीत. दुपारी झोपून उठले की सकाळ झाली समजून ते दात घासायला बसत. एखाद्या दिवशी चारदा जेवत, एखाद्या दिवशी एकदाही नाही. कुणाशी बोलावं तर गावात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. बुरुजावरून त्यांनी चाळीस वर्षं फक्त घरांची कौलं पाहिली होती.

आता त्या राज्यातली एक रीत सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा ध्यानात येईल. तिथे राजाची चाकरी करून थकलेल्या माणसांची आणि जनावरांची यादी एकच असे. थकलेल्या कुणालाही एकटं ठेवायचं नाही, असा नियम. त्यासाठी दोघा-दोघांची जोडी लावत. ज्याने सांभाळायचं त्याला हिरवा धागा आणि ज्याला सांभाळायचं त्याला लाल. दर दसऱ्याला कारकून घरोघर फिरून धागे तपासत असे. एखाद्या घरात लाल धागा उरलाच नाही, तर तिथला हिरवा धागा दुसऱ्या गरजूकडे पाठवला जाई. आणि घरात नुसतेच लाल असतील, तर त्यांना वेगवेगळ्या हिरव्यांकडे धाडत.

ज्या दिवशी आजोबांची जोडी लागायची होती, तो नेमका होळीचा दिवस. कारकुनाने सकाळी जनावरांचं काम उरकलं. किल्ल्यावर वीस वर्षं पाण्याच्या घागरी वाहिलेली एक गाढवीण पुढे उभी होती. कारकुनाने विचार केला, ते तासवाले आजोबा एकटेच आहेत, त्यांना सांभाळायला ही बरी. त्याने तिच्या पायाला हिरवा धागा बांधला.

मग कारकून जेवायला गेला. जेवायला पुरणपोळी होती, आणि त्याने ती एकच खाल्ली असं म्हणायला जागा नाही. दुपारी तो जड डोळ्यांनी परत आला, तेव्हा आजोबा समोर उभे. कारकुनाने विचार केला, ती म्हातारी गाढवीण कुणाकडे तरी द्यायची आहे, हे आजोबा धडधाकट दिसतात, तिला सांभाळतील. त्याने आजोबांच्या मनगटालाही हिरवाच धागा बांधला.

धागा बांधताना तो दोघांच्याही कानात तेच बोलला. तो सगळ्याच हिरव्यांना ते सांगत असे.

“एक लक्षात ठेवा. ज्याला सांभाळायचं असतं ना, तो ते कधी कबूल करत नाही. मीच तुला सांभाळतोय, असंच म्हणतो. वाद घालायचा नाही, नुसती मान डोलवायची.”

तिन्हीसांजेला गाढवीण आजोबांच्या दारात येऊन उभी राहिली. त्या काळी जनावरं बोलत, पण फक्त आपल्या घरच्या माणसाशी. परक्यापुढे त्यांना शब्दच फुटत नसे.

आजोबा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “ये बाई. घाबरू नकोस. आता तुझे कष्ट संपले. मी आहे.”

“घाबरतंय कोण?” गाढवीण म्हणाली. “अहो तासवाले, तुम्ही आधी खाली बसा बघू. मी आले आहे ना आता.”

आजोबांना कारकुनाचे शब्द आठवले. त्यांनी मान डोलवली. गाढविणीलाही ते आठवले. तिनेही मान डोलवली. दोघंही बराच वेळ समोरासमोर मान डोलवत उभे होते.

आजोबांचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं, तर तिथे हिरवा धागा. ते मनात म्हणाले, कारकुनाने चूक केली, हिला लाल बांधायचा होता. पण हिरवा पाहून बिचारी खूश असेल, कशाला दुखवा. गाढविणीने आजोबांच्या मनगटाकडे पाहिलं आणि तिच्याही मनात अगदी हेच आलं. अशी त्या घरात सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला आणि गाढवीण ओरडायला एकच गाठ पडली. आजोबा अंथरुणातून दचकून उठले.

“काय गं, दुखतंय का कुठे?”

“दुखत नाही. उठायची वेळ झाली.”

माथ्यावर सूर्य आला तेव्हा ती पुन्हा ओरडली. जेवायची वेळ झाली होती. सूर्य बुडताना तिसऱ्यांदा ओरडली. आजोबा दारात येऊन आभाळाकडे बघत राहिले. एका घटकेचाही फरक नव्हता. बुरुजावरच्या नव्या माणसापेक्षा हे जनावर किती तरी बिनचूक होतं.

“तुला गं कसं कळतं?” त्यांनी विचारलं.

“वीस वर्षं तुमच्याच टोलावर चालले मी. पहिल्या टोलाला विहिरीवर, दुपारच्या टोलाला किल्ल्याच्या पायऱ्यांवर. तुमच्या त्या गंगाळातलं पाणी कोण आणत होतं, असं वाटलं तुम्हाला?”

आजोबांनी हा विचार चाळीस वर्षांत कधीच केला नव्हता. पाणी रोज असायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांना थोडी लाज वाटली आणि त्यांनी तिला मूठभर गूळ दिला. गूळ देताना मनात म्हणाले, म्हातारं जनावर आहे, लाड करायला हवेत. गाढविणीने तो खाल्ला आणि मनात म्हणाली, म्हातारा माणूस आहे, त्याचं मन मोडायला नको.

आता थकलेल्या जनावराला रोज फिरवावं लागतं, नाहीतर त्याचे सांधे धरतात, असं आजोबांनी ऐकलं होतं. थकलेल्या माणसाचंही तसंच असतं, असं गाढविणीने ऐकलं होतं. मग दोघं फिरायला निघाले. कोण कोणाला फिरवत होतं, ते पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं. दोरी आजोबांच्या हातात होती, पण वाट गाढविणीच्या पायांत होती.

ती वाट तिच्या जुन्या कामाची होती; किल्ल्यावर जाता जाता ती गावातल्या काही घरीही पाणी उतरवत असे. एका घरापाशी जाऊन ती जी थांबली, ती हलेचना. आजोबांनी दोरी ओढली, मागून ढकललं, गोड बोलून पाहिलं. तेवढ्यात दार उघडलं आणि हिरव्या रंगात कोपरापर्यंत हात माखलेल्या एक बाई बाहेर आल्या. त्या कोष्टीणबाई. सूत रंगवायचं काम करत, आणि हे लाल-हिरवे धागेही त्यांच्याच घरून दरबारात जात.

“पाणी आणलंत होय?” त्यांनी विचारलं.

“पाणी नाही. ही हलत नाही.”

“कशी हलेल? घागरी रिकाम्या झाल्या की आम्ही पाठीवर थाप मारून म्हणायचो, झालं, जा पुढं. तेवढं ऐकल्याशिवाय जायची नाही ती.”

आजोबांनी थाप मारली. “झालं, जा पुढं.”

गाढविणीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी हात मागे घेतला.

“तुमचं कसं ऐकेल? तुमच्या दारात कधी उतरवलंय का तिनं पाणी?” कोष्टीणबाई हसल्या आणि त्यांनी स्वतः थाप मारली. “झालं, जा पुढं.” गाढविणीच्या पाठीवर हिरवा पंजा उमटला आणि ती निमूट चालू लागली.

अशी पाच दारं होती. पाचही दारांत थांबायचं, आतल्या कुणाला तरी हाक मारायची आणि थाप पडेपर्यंत उभं राहायचं. उभं राहिलं की माणूस बोलतोच. पहिल्या दिवशी आजोबा कानकोंडे होऊन उभे राहिले. आठव्या दिवशी त्यांना कळलं की कोष्टीणबाईंच्या सुनेला दिवस गेले आहेत. पंधराव्या दिवशी दुसऱ्या एका दारातल्या कुंभाराने त्यांना विचारलं, भट्टी आता पेटवली तर किती घटकांनी उघडू? महिन्याभरात कुणाच्या घरची भाकरी कुणाच्या घरच्या चटणीबरोबर आजोबांच्या पिशवीत जमू लागली. आजोबांना वाटे, जनावरामुळे किती खोळंबा होतो. पण सकाळी गाढवीण ओरडायच्या आधीच ते पागोटं बांधून तयार असत.

वैशाखात गाढविणीचा पुढचा खूर चिरला. आत खडा गेला आणि पाय सुजला. तिने दाणा सोडला आणि भिंतीकडे तोंड करून ती पडून राहिली. आजोबांनी रोज गरम पाण्याने तो पाय शेकला, हळद आणि तेल भरून फडक्याने बांधला. मंद नजरेला ती बारीक चीर दिसत नव्हती, तेव्हा ते बोटाने चाचपून ती शोधत. कोंड्यात गूळ कालवून घास घास तिच्या तोंडाशी धरत. एकविसाव्या दिवशी ती उभी राहिली.

आजोबांची छाती फुगली. ते स्वतःशी म्हणाले, बघा, हिरवा धागा उगाच नाही बांधला मला.

मग आला भाद्रपद, आणि एका सकाळी आजोबांना उठताच येईना. अंग तापलं होतं, घसा सुकला होता. गाढवीण ओरडली, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्यांदा ओरडली, तेव्हा ते पुटपुटले, “बाई, आज फिरायला नको. तू काळजी करू नकोस हं. मी आहे.”

“पडा तुम्ही,” असं म्हणून ती बाहेर गेली.

ती एकटीच त्या पाच दारांवर गेली. आधी कुंभाराच्या दारात उभी राहिली. थाप पडली, “झालं, जा पुढं,” पण ती हलली नाही. पुन्हा थाप पडली, तरी हलली नाही. त्या घरातली माणसं बुचकळ्यात पडली. शेवटी ती स्वतःच निघाली आणि दुसऱ्या दारात जाऊन तशीच उभी राहिली. बोलणं तिला परक्यांशी येत नव्हतं, एवढंच येत होतं. कोष्टीणबाईंच्या दारात मात्र त्यांनी थाप मारायला उचललेला हात तसाच थांबवला. त्यांनी खाली पाहिलं. गाढविणीच्या गळ्यातली दोरी धुळीत लोळत होती.

“दोरी आहे, पण माणूस कुठाय?” त्या म्हणाल्या आणि हात न धुता धावत सुटल्या.

पाची घरची माणसं त्या दोन खोल्यांत जमली. कुणी काढा उकळला, कुणी पेज केली, कुणी वैद्याला आणलं. वैद्य म्हणाला, संध्याकाळपर्यंत कुणी आलं नसतं तर मला काही करता आलं नसतं. ताप उतरायला आठ दिवस लागले. ते आठही दिवस गाढवीण खिडकीतून आत मान घालून उभी होती.

बरं वाटायला लागलं तसे आजोबा विचारात पडले. एके दुपारी त्यांनी विचारलं, “बाई, खरं सांग. तू मला सांभाळतेस की काय?”

“अहो, होळीपासून तेच करतेय मी.”

“पण मला कारकून म्हणाला होता, की ज्याला सांभाळायचं तो कबूल करत नाही.”

“मलाही तेच म्हणाला होता.”

आजोबांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे. दोन्ही धागे हिरवे. एक नक्की चुकलेला होता, पण कुठला? खूर आठवला की वाटे तिचा. ताप आठवला की वाटे आपला. मग आठवे ती सकाळची हाक, मग आठवे तो कोंडा आणि गूळ, आणि विचार फिरून पुन्हा पहिल्या जागी येई. चाळीस वर्षं ज्यांनी घटका चुकवली नाही, त्यांना एवढं साधं कोडं सुटेना. ते चिडले, आणि चिडचिडीच्या खाली भीती होती. दसरा पंधरा दिवसांवर आला होता, आणि ज्या घरात लाल धागा नाही, तिथला एक हिरवा तिथून हलवत.

“आपण एक करू,” गाढवीण म्हणाली. “कोष्टीणबाईंकडे जाऊन एक धागा लाल रंगवून आणू.”

“चांगली युक्ती आहे,” आजोबा म्हणाले. “तुझा रंगवू.”

“माझा का? तुमचा रंगवू.”

“माझा कशाला? मी काय लुळापांगळा आहे?”

“मग मी आहे?”

एवढ्यावर बोलणं थांबलं ते थांबलंच. माणूस असो की जनावर, म्हातारपणी अंगातलं सगळं बळ जातं, पण हे एक बळ शेवटपर्यंत टिकतं. सकाळी गाढवीण ओरडे, आजोबा उठत, दोघं पाच दारं फिरून येत, पण एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. आजोबांना रोज वाटे की उद्या ती म्हणेल, माझा रंगवा. तिलाही रोज तेच वाटे. अशात दसरा उजाडला.

कारकून आपट्याची पानं आणि धाग्यांची पेटी घेऊन अंगणात आला. त्याने आजोबांचा धागा पाहिला, गाढविणीचा पाहिला, पुन्हा आजोबांचा पाहिला.

“हे कसं झालं?” तो म्हणाला.

ते कसं झालं हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं, आणि पुरणपोळीमुळे त्यालाही माहीत नव्हतं.

“नियम म्हणजे नियम,” तो म्हणाला. “दोघंही सांभाळणारे. सांभाळायचं कुणीच नाही. मग एकाला जावं लागेल. डोंगरापलीकडे एक म्हातारा पहिलवान आहे, त्याला कुणीतरी हवंय. घर आजोबांचं, तेव्हा गाढवीण जाईल.” असं म्हणून त्याने तिची दोरी हातात घेतली.

आजोबा उठून उभे राहिले. डोंगरापलीकडचं गाव किती दूर आहे, ते त्यांना बुरुजावरून माहीत होतं. तिथे पाच दारं नव्हती. बाहेर कोष्टीणबाई आणि कुंभार येऊन उभे होते. त्या सगळ्यांच्या देखत आजोबांनी हात पुढे केला.

“कारकूनसाहेब, माझा धागा चुकलाय. लाल बांधा मला. मला सांभाळावं लागतं. माझं मला जेवणसुद्धा आठवत नाही. ही नसती तर मी भाद्रपदातच गेलो असतो. सांभाळणारी हीच आहे, हिला इथेच राहू द्या.”

बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच बाही वर सरकवली.

कारकुनाने लाल धागा काढला आणि आजोबांच्या मनगटाला बांधला. बांधून मान वर करतो तर काय, पेटीत खूर. गाढविणीने आपला पुढचा पाय, तोच चिरलेल्या खुराचा, पेटीवर ठेवला होता. हिरवा धागा तिने दातांनी कुरतडून खाली टाकला होता आणि आता ती लाल रिळाकडे बघत होती.

“हिलाही लाल हवाय?” कारकून म्हणाला. “मग आता दोघंही सांभाळायचे आणि सांभाळणारं कुणीच नाही. म्हणजे दोघांनाही वेगवेगळीकडे पाठवावं लागेल. हे तर जास्तच अवघड झालं.” आणि तो बिचारा ओट्यावर मटकन बसला.

तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली. राजा शिलंगणाला निघाला होता आणि त्याची वाट याच गल्लीतून होती. गर्दी पाहून राजा थांबला. कारकुनाने सगळं सांगितलं. राजाला कळलं नाही. कारकुनाने पुन्हा सांगितलं. तेव्हा राजाला आणखीच कळेनासं झालं. शेवटी तो घोड्यावरून उतरून अंगणात आला.

लहानपणी हाच राजा किल्ल्याच्या चौकात खेळताना वर तोंड करून ओरडत असे, ‘आजोबा, दिवस किती वर आला?’ आणि उत्तर कधी चुकलं नव्हतं. त्याने त्याच सुरात विचारलं, “आजोबा, तुम्ही सांगाल ते खरं. तुम्हां दोघांत कोण कोणाला सांभाळतं?”

आजोबांनी गाढविणीकडे पाहिलं. गाढविणीने आजोबांकडे पाहिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

“महाराज,” आजोबा म्हणाले, “मला माहीत नाही.”

हे शब्द त्या तोंडून कुणीच ऐकले नव्हते.

“आणि हिला पाठवलं तर काय होईल?” राजाने विचारलं.

“ते माहीत आहे, महाराज. मी दिवसातून चारदा जेवेन नाहीतर एकदाही जेवणार नाही. आणि ही पहिलवानाच्या दारातून निघून आपली पाच दारं शोधत डोंगरात फिरत राहील. मला फार वाईट वाटेल, आणि तिलाही.”

मग राजाने कोष्टीणबाईंना जवळ बोलावलं आणि पेटीतली दोन्ही रिळं त्यांच्या हातात दिली. कोष्टीणबाईंनी ओट्यावर बसून मांडीवर लाल आणि हिरवा धागा एकत्र वळला. त्याचा एक तुकडा आजोबांच्या मनगटाला बांधला आणि दुसरा गाढविणीच्या पायाला.

त्या दसऱ्यापासून त्या राज्यात थकलेल्या प्रत्येकाला असाच दुरंगी धागा बांधतात. सगळ्यात जास्त आनंद कारकुनाला झाला, कारण आता पुरणपोळी खाऊनही त्याची चूक होत नाही. डोंगरापलीकडच्या पहिलवानाकडे राजाने राजवाड्यातलं एक म्हातारं माकड पाठवलं. त्या दोघांचं अजून पटत नाही म्हणतात, पण पहिलवान आता रोज उठून अंघोळ करतो.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि गाढवीण ओरडली. आजोबा तयारच होते. चालत चालत दोघं कोष्टीणबाईंच्या दाराशी आले आणि थांबले. कोष्टीणबाई बाहेर आल्या. आज त्यांचा एक हात लाल होता, एक हिरवा. त्यांनी एक थाप गाढविणीच्या पाठीवर मारली आणि एक आजोबांच्या.

“झालं,” त्या म्हणाल्या. “जा पुढं.”

तात्पर्य विचाराल तर एवढंच, की म्हातारपणी आपल्याला कुणी सांभाळावं असं वाटत असेल, तर आपण ज्याला सांभाळू असा एखादा जीव घरात असू द्यावा.